टाकून दिलेली बिजली

आईच्या डोक्यावरच्या टोपलीतून रक्त ठिबकत होते. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये डाळीची लाखोरी पसरली होती, तिला निळी निळी फुले आली होती, आणि त्या निळाईच्या मधून धुऱ्याधुऱ्याने, बांधावरून, आई येत होती — एका हाताने टोपली सावरत, पदर कमरेला खोचून, पावले जपून टाकत. ऊन कोवळे होते, हवेत पुंजण्यांमध्ये रचलेल्या वाळल्या धानाचा गोडसर वास होता, आणि आईच्या कानामागून एक लाल ओघळ निघून मानेवरून खाली काळ्या मण्यांपर्यंत पोचला होता. मला वाटले, आईचेच डोके फुटले. मी किंचाळले.

"ओरडू नको," ती शांत आवाजात म्हणाली, "गोठ्यातली बैलाची जागा झाडून घे. अन् पाणी ठेव चुलीवर."

टोपलीत बिजली होती, शिकारी कुत्री. कुशीपासून मांडीपर्यंत फाटलेली. त्या फाटीत आईने आपला शेतात न्यायचा टॉवेल कोंबला होता, आणि तो टॉवेल आता कोणत्या रंगाचा होता ते सांगता येत नव्हते…

बिजली आमची नव्हती, माझ्या मोठ्या बाबांची होती — म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची. सानगडीच्या बाजाराला पायी जाता येईल इतक्या अंतरावरचे आमचे गाव; गावामागे तलाव, तलावामागे जंगल. दोन भावांची दोन घरे, मधे एकच अंगण, एकच विहीर. बाबा वरठीला कारखान्यात कामाला होते. सुट्टीला यायचे, अंगणात खाटेवर बसून भावाशी दोन शब्द बोलायचे, आणि परतीची गाडी धरायचे. उरलेले सगळे दिवस त्या अंगणावर मोठ्या बाबांचे राज्य होते. त्यांच्या ओसरीवर जाळी टांगलेली असत, भिंतीला भाले टेकवलेले असत, आणि खाटेखाली जीभ बाहेर काढून बिजली पडलेली असे — काळी, लांब पायांची, छातीवर पांढरा चट्टा असलेली.

मोठ्या बाबांच्या शिकारीचे गावाला कोण कौतुक! धान निघाले की पंचक्रोशीतले पुरुष जमत, हाका घालत, रानडुक्कर उठवत. डुकराच्या अंगावर पहिली झेप कुत्र्यांची. माणसे मागून भाले घेऊन येत, जनावर दमले की टोचत, आणि संध्याकाळी पळसाच्या पानांवर हिस्से पडत. त्या संध्याकाळींचा वास मला अजून आठवतो — जळलेल्या केसांचा, मोहाच्या दारूचा, गरम रक्ताचा. लोक मला सांगतात, ती जुनी मर्दुमकी होती, तो काळच वेगळा होता. मला सांगू नका. मी त्या अंगणात वाढले आहे. त्या मर्दुमकीत पहिले कोण फाटत असे, हे मी पाहिले आहे. जे कुत्रे सुळ्याने फाटे, ते तिथेच नाल्यात टाकून माणसे परत येत. कारण फाटलेले कुत्रे ओरडते, आणि ओरडणे ऐकून जंगलखात्याचा माणूस येतो. कुत्रे घरी आणावे तर दवाखाना, दवाखाना म्हटले की प्रश्न. त्यापेक्षा नाला बरा.

आई सरपणाला गेली होती. नाल्यात तिला बिजली दिसली. पुढे अनेकांनी अनेकदा विचारले, काहून आणली, आईचे उत्तर एकच — "दिसली म्हणून."

मोठे बाबा ओसरीवरच होते. टोपली खाली ठेवताना त्यांनी पाहिली, पण ते आईशी बोलले नाहीत, बोलणारच नव्हते. आमच्याकडे भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, आणि भावसून समोरासमोर बोलत नाहीत. इतकी वर्षे एका अंगणात राहून आईने त्यांच्यासमोर कपाळावरचा पदर वर केलेला मी पाहिला नव्हता. जे काय सांगायचे ते माझ्या तोंडून जायचे.

"सांग तुह्या मायले," मोठे बाबा मला म्हणाले, "मेलेलं जनावर आंगणात आणत नाही म्हणा."

गोठ्यातून आईचा आवाज आला, "मोठ्या बाबाले सांग, मेली नाही अजून."

दोघांनाही दोघांचे ऐकू आलेले होते, तरी मी मधे उभी राहून दोन्ही निरोप पोचवले…

ढोरांना सुया टोचत गावोगाव फिरणारा एक डॉक्टर होता. आईने त्याला रस्त्यात अडवून आणला. जखम पाहून त्याने मागे-पुढे पाहिले, गोठ्याचे दार लोटून घेतले. "हे तारेनं नाही फाटलं, बाई, सुळ्यानं फाटलं," तो म्हणाला. "टाके मारून देतो. पण मी इथं आलोच नोतो, समजलं काय? अन् पुन्हा मले बोलवू नका." आईने बिजलीचे तोंड आपल्या दोन्ही गुडघ्यांत आवळून धरले होते. मी कंदील धरून, डोळे मिटून उभी होते. गोठ्यात दिवसाही अंधार असे, त्या अंधारात दोरा ओढल्याचा आवाज येत होता, ओल्या चामड्यातून यावा तसा.

त्यानंतरचा तो सबंध हिवाळा मला गंधांनी आठवतो. हळदीचा, करंजाच्या तेलाचा, फिनाईलचा, पुवाचा, आणि त्या सगळ्यावर पसरलेला तांदळाच्या पेजेचा उष्ण, दुधाळ वास. आई सकाळी माझी वेणी घालायच्या आधी गोठ्यात जाई. कोंबडीने दिलेले अंडे, जे एरवी माझ्या ताटात पडले असते, ते पेजेत जाई. आणि हे सारे जिच्यासाठी चाललेले, ती बिजली! तिने आईचा हात तोंडात धरून फोडला — अंगठ्याच्या बुडाशी, दात आरपार. आईने चिंधी गुंडाळली आणि उरलेल्या हाताने जखम धुतली. बिजलीचे तपकिरी-पिवळे डोळे आमच्यावर रोखलेले असत, आणि त्यांत कृतज्ञतेचा लवलेशही नसे. कथांमधून कुत्री डोळ्यांत पाणी आणून हात चाटतात. आमची बिजली वाडगे रिकामे करी आणि मग गुरगुरे. तिला आमचा राग होता. आम्ही तिला दुखवत होतो, एवढेच तिला ठाऊक होते. मला तर ती मुळीच आवडत नव्हती. मी गोठ्याच्या दारात उभी राहून तिच्याकडे पाहून दात विचकत असे. ती उलट विचकत असे. दोघींचे अगदी जमले होते म्हणायचे.

मोह फुलायला लागला, सारे रान त्या मादक, जड वासाने भरून गेले, तेव्हा बिजली उभी राहिली. तीन पायांवर. चौथा पाय काठीसारखा ताठ राहिला तो कायमचा. कुशीवर केस उगवले नाहीत. तिथे नुसती गुलाबी, चकाकणारी, सुरकुतलेली कातडी.

आणि मग मोठे बाबा दोरी घेऊन गोठ्यापाशी आले.

इतक्या दिवसांत त्यांनी एकदाही आत डोकावून पाहिले नव्हते. दारात उभे राहून त्यांनी जिभेने आवाज केला — च्यक्, च्यक्. आणि बिजली… जिचे शेपूट हलताना आम्ही एकदाही पाहिले नव्हते ती बिजली, तो ताठ पाय फरफटत, अंग सारे वाकडे करत, आनंदाने जागच्या जागी मुतत त्यांच्या पायांशी जाऊन लोळली. त्यांची पावले चाटू लागली. तिच्या घशातून जो आवाज निघत होता तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. एखादे लहान मूल यात्रेत हरवून सापडावे तसा. आई पेजेचे वाडगे हातात धरून तशीच उभी होती.

"सांग तुह्या मायले," मोठे बाबा हसत मला म्हणाले, "जनावर मालकाले ओयखते."

मी आईकडे वळले. पण माझी गरज पडली नाही. आईने वाडगे खाली ठेवले, पुढे आली, आणि मोठ्या बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावरच होता, पण चेहरा उघडा.

"कुठं नेता तिले?"

 मोठ्या बाबांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग अंगणाकडे, कोणी पाहत तर नाही ना म्हणून. मोठी आई — त्यांची बायको — विहिरीवर होती. तिचा दोर हातातच राहिला.

"माही कुत्री आहे," ते अखेर म्हणाले.

"होती. नाल्यात टाकली, तवाच सुटली."

"तिलेच विचारा मंग, कोणासंगं जाते ते."

"तिले नाही विचारत मी," आई म्हणाली. "तिले तर डुकराच्या आंगावरबी जावंसं वाटते. जावंसं वाटते म्हणून जाऊ द्यायचं असते काय?"

आणि तिने त्यांच्या हातातली दोरी घेतली. हिसकली नाही, घेतली. मोठ्या बाबांचा हात वर गेला होता, मी पाहिले. पण भावसुनेला हात लावणे तर दूर, तिची सावलीही भासऱ्याने ओलांडायची नसते. जी रूढी इतकी वर्षे आईच्या तोंडावर पदर होऊन लोंबत होती, तीच त्या दिवशी तिच्या कामी आली. तो हात हवेतच राहिला, मग खाली आला. आईने बिजलीला बैलाच्या खुट्याला बांधले.

मी तुम्हाला सांगते, त्या क्षणी आईच्या बाजूला कोणीही नव्हते. बिजलीही नव्हती. तिला जिवंत केल्याचा सूड घ्यावा तशी ती आईवर धावून गेली, दोरी ताणून ताणून मान सोलून घेतली, आणि पुढचे कितीतरी दिवस मोठ्या बाबांच्या ओसरीकडे तोंड करून रडत राहिली. लांबलचक, चढत जाणारे ते रडणे ऐकून रस्त्याने जाणारे थांबत. "काय वो, कायले बांधून ठेवली बिचारीले?" असे बायका विचारत; ज्यांनी ती फाटून पडली होती तेव्हा नाक मुरडले होते, त्याच. अचानक साऱ्या गावाला बिजलीची दया येऊ लागली होती.

विहिरीवर आई गेली की बोलणे थांबे. मोठी आई भांड्यांचे खरकटे पाणी आमच्या उंबऱ्याच्या रोखाने फेकी. शाळेत पोरे माझ्यामागे भुंकत येत, आणि मास्तर हसू दाबत फळ्याकडे वळत. आमच्या गोठ्याच्या कौलांवर दगड पडत. कोण टाकते ते सगळ्यांना माहीत असे आणि कोणालाच माहीत नसे. सुट्टीवर आलेल्या बाबांना मोठ्या बाबांनी अंगणात उभे करून विचारले, "बायको तुह्या धाकात आहे का नाही?" बाबा खाली मान घालून उभे राहिले. तेव्हा मला त्यांचाही राग आला होता.

वैशाखात जंगलातले पाणी आटते. मोजक्या डबक्यांवर जनावरे येतात, आणि त्यांच्यामागून माणसे. बिजलीच्या जागी मोठ्या बाबांनी तिचेच एक पिल्लू नेले होते, मोती — पुरता वाढलाही नव्हता. भर दुपारी, गाव जेवून आडवे झाले असताना, उन्हाच्या झळांनी रस्ता थरथरत असताना, मोठी आई आमच्या मागच्या कुंपणापाशी आली. डोक्यावर पोते. तिने ते खाली ठेवले आणि आईला म्हणाली, "मी नाही आणलं. इथं कोणी टाकलं, मले मालूम नाही." पण गेली नाही, तिथेच उभी राहिली, तोंडात पदराचा बोळा धरून. आईने पोते सोडले. मोतीचा गळा उघडा होता. शिवायला काही उरलेच नव्हते. आई त्याच्याजवळ बसून ओल्या फडक्याने त्याची जीभ ओली करत राहिली, आणि उन्हे कलायच्या आत तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने ठेवणीतली साडी नेसली, केस विंचरले, आणि मला घेऊन बसने जंगलखात्याच्या ऑफिसात गेली. कोण कुठे जाते, जाळी कुठे ठेवतात, सगळे सांगितले. परत आल्यावर अंगणाच्या मधोमध उभी राहून, साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मी सांगून आली. मागून म्हणू नका, कोणी चुगली केली."

गाडी आली. जाळी गेली, भाले गेले, मोठे बाबा आणि त्यांचे सोबती गेले. सुटून आले तेव्हा त्यांची दाढी वाढली होती आणि डोळे बिजलीसारखे झाले होते. आल्या आल्या त्यांनी अंगणात मधोमध मातीची भिंत घातली. विहीर त्यांच्या बाजूला गेली.

आणि मग रोवण्याचे दिवस आले. ज्यांनी धानाची शेती पाहिली नाही त्यांना कसे सांगू… पऱ्हे, म्हणजे धानाचे रोप, तयार झाले की ते थांबत नाही. वेळेत उपटून चिखलात रोवले नाही तर पिवळे पडते, वर्षाचा घास जातो. रोवणा एकट्याचा नसतो. गावातल्या बायका टोळीने येतात, आज तुझ्या बांधीत, उद्या माझ्या. ओळीने वाकतात, गाणी म्हणतात. त्या वर्षी आमच्या बांधीत कोणीही आले नाही. शेजारच्या शेतात गाणी चालली होती, आणि आमच्या चिखलात आई आणि मी, दोघीच. माझ्या बोटांची कातडी पांढरी पडून सोलली होती. संध्याकाळी धुऱ्यावर उभे राहून आम्ही मागे पाहिले, तर त्या विस्तीर्ण गढूळ पाण्यात आम्ही रोवलेले हिरवे तेवढे एखाद्या ठिगळासारखे दिसत होते.

बाबा वरठीहून आले, सुट्टी टाकून. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आमच्या शेजारी वाकले. रोवणा हे बायकांचे काम. पुरुषाने नांगरायचे, चिखल करायचा, पेंढ्या टाकायच्या, पण वाकून रोवायचे नाही. धुऱ्यावर माणसे जमली, मोठ्या बाबांचे सोबती.

"काय गा," एकाने विचारले, "वरठीच्या कारखान्यात हेच शिकवून राहिले काय?"

भावापुढे कधी मान वर न केलेले माझे बाबा सरळ झाले. हातातून चिखल निथळत होता. "हो," ते म्हणाले, "या खाली. तुमालेबी शिकवतो."

कोणी खाली आले नाही. बाबांच्या ओळी वाकड्यातिकड्या गेल्या होत्या. आई त्यांच्याकडे पाहून तोंड फिरवून हसली. तिला हसताना मी किती महिन्यांनी पाहत होते! तरीही अर्धे शेत रिकामेच राहिले. पऱ्हे पिवळे पडले, आणि आई ते उपटून बैलापुढे टाकताना मी पाहिले.

गावाने आम्हाला माफ केले नाही, आणि आम्हीही गावाला. पण कुत्री येत राहिली. मोठ्या बाबांनी शिकार सोडली. इतरांनी सोडली नाही, नुसते सावध झाले. मागच्या कुंपणापाशी कधी पोते दिसे, कधी टोपली. त्यांच्याच घरच्या बायका ठेवून जात, आणि तलावावर समोर आल्या की ओळख दाखवत नसत. काही कुत्री मेली. काही उभी राहिली. ती आई आसगावला मामांच्या शेतावर धाडी, किंवा दूरच्या गावच्या शेळ्या राखणाऱ्यांना देई, जिथे डुकराचा वास त्यांच्या नाकाला लागणार नाही. पायाची, डोळ्याची, कानाची अधू कुत्री धानाच्या खळ्यावर पडून राहत आणि कोणी आले की भुंकत. एवढेच काम, आणि ते त्यांना जमत असे.

बिजली मात्र आमच्याकडेच राहिली. आईने दोरी काढली तोवर मोठ्या बाबांच्या ओसरीकडची वाट भिंतीने बंद झाली होती. ती भिंतीला पाठ लावून बसे, पलीकडे खाटेचा आवाज झाला की कान टवकारी. शेवटपर्यंत तिने आईचा हात चाटला नाही. म्हातारी झाली, डोळ्यांत सारा पडून दिसेनासे झाले, आणि एका हिवाळी सकाळी त्याच भिंतीच्या पायथ्याशी ती आखडून पडलेली दिसली. आईने तिला शेतातल्या बोडीच्या पाण्याकाठी पुरले. ती रडली नाही. मी रडले — आणि का, ते मलाच कळेना.

आता मी भंडाऱ्यात राहते. बाबा नाहीत. मोठे बाबाही गेले; त्यांच्या मयतीला आई गेली नाही, आणि गावाने तेही लक्षात ठेवले. ती भिंत एका पावसाळ्यात बसली, पुन्हा कोणी उभी केली नाही. शिकार मात्र चालूच आहे. आताची पोरे मोटारसायकलींवर जातात, बाहेरून विकत आणलेली लांब पायांची, पातळ कंबरेची कुत्री नेतात, आणि डुकराच्या अंगावर सोडलेल्या कुत्र्यांचे व्हिडिओ एकमेकांना पाठवतात. एकदोनदा ते माझ्याही फोनवर आले. मी भांडले. माझ्यात आईचे धैर्य नाही, पण तिचा राग पुरेपूर आहे, आणि तो ओसरावा असे मला वाटतही नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेले, तेव्हा आई आणि मोठी आई ओसरीवर समोरासमोर बसून चिंचा फोडत होत्या. मोठी आई हल्ली रोज दुपारी येते. का येते ते तिने सांगितले नाही, आईने विचारले नाही. गोठ्यात तसलेच एक पातळ कंबरेचे, फिकट रंगाचे कुत्रे होते, मागचा पाय मोडलेले. ऊन रणरणत होते. चिंचोके टोपल्यात पडल्याचा तेवढा आवाज. मोठी आई, मान वर न करता, म्हणाली,

"तुह्यापायी आत जावं लागलं होतं त्याईले."

"हो," आई म्हणाली.

"मरेपर्यंत नाही विसरले."

"मीबी नाही विसरली."

गोठ्यातले कुत्रे कण्हू लागले. आई गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली, तशी मोठ्या आईने तिला खूण केली. "बस तू. मी देते पाणी त्याले." ती गेली, कुत्रे तिच्यावर गुरगुरल्याचे ऐकू आले, मग जिभेचा लपलप आवाज. ती परत येऊन आपल्या जागी बसली, आणि दोघी पुन्हा चिंचा फोडू लागल्या.